गुड्डीची पाटी

प्रशिक्षणाला मी घरून चिडूनच निघाले होते. धानाच्या रोवणीचे दिवस, वर्गात निम्मी मुलं नाहीत, आणि जी आहेत त्यांना सोडून भंडाऱ्याला जाऊन बसा. अशी प्रशिक्षणं मी पुष्कळ पाहिली आहेत. सकाळी सही आणि फोटो, मग पोहे, मग कुणीतरी पडद्यावरची वाक्यं आपल्याला वाचून दाखवतो, आम्हाला जणू वाचताच येत नाही. संध्याकाळी पुन्हा सही आणि फोटो. रत्नमाला रामटेके मॅडमना, म्हणजे मला, राग लवकर येतो असं शाळेत सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही.

पण या वेळी पुण्याहून मनाली नावाच्या एक मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी पोह्यांच्या आधीच फळ्यावर एक गणित लिहिलं. अर्ध्याला एक चतुर्थांशाने भागलं तर उत्तर दोन येतं. का?

जिल्ह्यातले माध्यमिकचे गणित शिक्षक समोर बसलेले. सगळे एका सुरात म्हणाले, "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

"ते कसं करायचं ते झालं," त्या म्हणाल्या. "मी का विचारलं."

सगळे पुन्हा तेच म्हणाले, उलटा करून गुणायचं. मीही तेच म्हटलं. एम.एस्सी. आहे मी. मग मॅडमनी एक कागद अर्धा फाडला आणि विचारलं, "या अर्ध्यातून पाव-पाव कागदाचे तुकडे किती निघतील?" माझ्या शेजारचे तुमसरचे सर हळूच म्हणाले, "दोन." आणि स्वतःवरच हसले. मला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं मुलांना मी नुसतं उलटं करायला सांगत होते.

त्या पद्धतीला प्रभुत्व अध्यापन म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एक छोटी कल्पना घ्यायची आणि ती सगळ्यांना पक्की होईपर्यंत सोडायची नाही. प्रश्न विचारला की प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं आणि बाईंनी "पाट्या वर!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाट्या उंच करायच्या. कुणाला आलं, कुणाला नाही, एका नजरेत कळतं. शिवाय उत्तराचं कारण पूर्ण वाक्यात सांगायचं, आणि ते वाक्य सगळ्या वर्गाने मिळून म्हणायचं. शेवटचं मूल पोचल्याशिवाय वर्ग पुढे जाणार नाही, हे मनाली मॅडमनी दिवसातून कितीदा म्हटलं असेल देव जाणे. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यापुढे गुड्डी यायची.

गुड्डी मेश्राम नववीत नापास होऊन पुन्हा नववीतच बसली होती. गणितानेच तिला पाडलं होतं. तिची आई सत्यभामा एकोडी गावाच्या आसपास रोजीला जाते, आणि पौषात सगळं घर मिरची तोडायला तेलंगणात जातं. गुड्डीला आजीपाशी ठेवून जायचे, का तर पोरगी शाळेत आहे. पुन्हा नापास झाली तर मागे ठेवण्यात अर्थ नाही असं तिच्या बापाने सरळ सांगून टाकलं होतं. सत्यभामाबाई जूनमध्ये शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरात दहावीच्या बाकावर कोणीच नाही बसलं आजवर. हिले तेवढं बसवून द्या."

आमचे मुख्याध्यापक कापगते सर. मनाने वाईट नाहीत, पण त्यांचा जीव दहावीच्या निकालात अडकलेला. कच्ची मुलं ते दहावीत येऊच देत नाहीत. नववीतूनच दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसा म्हणायचं. मुलं कागदोपत्री बाहेरची होतात, आणि शाळेचा निकाल शंभर टक्के. हे आमच्याकडेच चालतं असं नाही, पण म्हणून ते मला गोड लागत नाही.

भंडाऱ्याहून परत आले ती मी वेगळीच होऊन आले. सरांना म्हटलं, पुस्तकाच्या वेळापत्रकाप्रमाणे मी शिकवणार नाही, आधी अपूर्णांकापासून पक्कं करून घेणार. त्यांनी कपाळाला हात लावला, पण वरून पत्र होतं म्हणून गप्प बसले. मी पाट्या आणल्या. रोवणी संपून मुलं परत आली, हातापायांना चिखल्या झालेल्या. पहिल्याच तासाला मी त्यांना नियम सांगितला. "या वर्षी आपल्या वर्गात कुणालाच मागे सोडायचं नाही. सगळ्यांना आलं तरच पुढे. एकालाही नाही आलं तर वर्ग थांबेल."

मुलांनी माना डोलावल्या. इतक्या लवकर कधी डोलावत नाहीत.

पहिल्या दिवशी चुकीच्या पाट्या पुष्कळ होत्या. गुड्डीची तर कोरीच. मी थांबले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग हळूहळू चुका कमी होत गेल्या, आणि एक दिवस मी "पाट्या वर!" म्हटलं तेव्हा गुड्डीची पाटीही बरोबर निघाली. सुबक आकडे, खाली रेघ ओढलेली. मी तिला कारण विचारलं. ती उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली, "छेद सारखे केल्याशिवाय अपूर्णांकांची तुलना करता येत नाही, कारण तुकड्यांचा आकार सारखा पाहिजे."

मला किती आनंद झाला ते काय सांगू. त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, ती गुड्डी बोलली. त्याला कोण गुड्डी ते माहीत नाही, तरी तोही खूश झाला.

दिवाळीनंतर मनाली मॅडम आमची शाळा पाहायला आल्या. सोबत कॅमेरा घेऊन एक जण. कापगते सरांनी फाटकाला रांगोळी काढवून घेतली. तासाला सगळ्या पाट्या एकदम वर गेल्या आणि सगळ्या बरोबर. मनाली मॅडमनी स्वतः गुड्डीला उठवलं, आणि गुड्डीने आपलं वाक्य खणखणीत म्हटलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तो व्हिडिओ मग इतर जिल्ह्यांतल्या प्रशिक्षणांतही दाखवू लागले. कुठल्या कुठल्या शिक्षकांचे मला फोन यायचे. गावात सत्यभामाबाईंनी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो पाहिला, आणि पौषात मिरचीला निघताना मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "मॅडम, आता मले हिची चिंता नाही."

जानेवारीत तालुक्याच्या कबड्डीला आमच्या मुलींचा संघ गेला. त्यांना ओरडून पाठिंबा द्यायला आणखी निम्मा वर्ग गेला. गुड्डीच्या एका बाजूला टीना बसते, दुसऱ्या बाजूला रिता. त्या दोघीही संघात. वर्गात उरलेली मुलं इकडेतिकडे विखुरलेली होती. नवीन काही घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी सगळ्यात सोपा प्रश्न दिला. अर्धा मोठा की एक तृतीयांश?

"पाट्या वर!"

गुड्डीने पाटी वर केली. पाटी कोरी होती.

मला वाटलं बरं नसेल. जवळ जाऊन विचारलं, "काय झालं गं? लिहिलं का नाहीस?"

"आज टीना नाही आली न, मॅडम," ती म्हणाली. पेन्सिल नाही आणली म्हणून सांगावं तितक्या सहज.

मी तिथेच बाकावर बसले. म्हटलं, "टीना नाही तर नाही. तू लिही." तिने बराच विचार केला आणि एक तृतीयांश मोठा असं लिहिलं. मी विचारलं, का? तिने छेद सारखे करण्याचं वाक्य घडाघडा म्हटलं. मग पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् दोनापेक्षा तीन मोठा रायते."

दुसऱ्या दिवशी मी टीनाला व्हरांड्यात बोलावलं. हात शिवशिवत होते माझे. टीना हुशार पोरगी, खोटं बोलत नाही. तिने सगळं सांगितलं. ती दोन पाट्या लिहायची, एक आपली, एक गुड्डीची, आणि बाकाखालून बदलायची. टीना नसली की रिता. चाचणीच्या दिवशी मागच्या बाकावरचा अंकुश. वाक्यं तर मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून तिच्याकडून पाठ करून घेतली होती. वर्गातल्या एकूणएक मुलाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

"काहून केलं असं?" मी ओरडलेच. राग आला की माझीही भाषा घरची होते.

टीना घाबरली, पण तिला माझा राग कळत नव्हता. "तुमीच तं म्हनलं होतं मॅडम, कोणालेच मागं नाही सोडाचं."

"म्हणून तिचं उत्तर तुम्ही लिहायचं?"

"मंग?" ती म्हणाली. "रोवणीत तसंच करतात न. सगळ्या बाया एका ओळीत मागं मागं सरकतात. एखादीचा हात धिमा असला तं दोन्ही बाजूच्या बाया तिच्या वाट्याचं थोडं थोडं रोवून देतात. ओळ सरळ रायते. तिले कोणी बोलत नाही, अन् मालकाले कोणी सांगत नाही."

मी तिला वर्गात जायला सांगितलं. रागवायचं तरी कुणाला? लबाडी नव्हती ती. लहानपणापासून आयांच्या बाजूला धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलभरल्या वाफ्यात, उभं राहून ही मुलं जे सगळ्यात चांगलं शिकली होती, तेच त्यांनी माझ्या वर्गात केलं होतं. मी म्हटलं कुणालाच मागे सोडू नका, आणि त्यांनी माझा शब्द पाळला. भंडाऱ्याच्या सभागृहात याच्यावर उपाय कुणी सांगितला नव्हता. सुचलाही नसता कुणाला.

मी शाळा सुटल्यावर गुड्डीला एकटीला बसवायला लागले. वाक्यं बंद, पाटी बंद. म्हटलं, "एक बांधी आहे. दोघींनी रोवली तर एकीच्या वाट्याला जास्त येईल, की तिघींनी रोवली तर?"

"दोघींनी," ती लगेच म्हणाली.

"मग अर्धा मोठा की एक तृतीयांश?"

तिने आधी दोन बोटं उघडली, मग तीन. मग तिच्या तोंडावर जे आलं ते व्हिडिओत कुठेच नव्हतं. "म्हणजे बाया वाढल्या तं वाटा कमी होते! खालचा आकडा म्हणजे बाया!" आणि मग तिने आपणहून एक पंचमांश आणि एक सप्तमांश लावून पाहिले, आणि तेही बरोबर आले. तिचं डोकं चालत होतं. हळू चालत होतं, पण तिचं स्वतःचं चालत होतं.

पण तोवर फेब्रुवारी लागला होता. वर्ग बहुपदी संपवून समीकरणांवर गेला होता, आणि गुड्डी पाचवीच्या पुस्तकात होती. मार्चच्या शेवटी ती अपूर्णांकांची बेरीज करायला लागली, न चुकता. आणखी एक वर्ष मिळालं असतं तर मी तिला कुठल्या कुठे नेलं असतं. परीक्षा मात्र एप्रिलमध्ये होती, आणि ती नववीची होती.

परीक्षेच्या आधी मी टीनाला आणि तिला दोघींनाही बजावलं, जे येईल ते स्वतःचं स्वतः लिहायचं. गुड्डीने माझं ऐकलं. अंकुशने मागून पेपर पुढे सरकवला तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं. मीच होते पर्यवेक्षणाला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तेव्हा, खरं सांगते, त्या पेपरवर तिने नजर टाकावी असं मला मनातून फार वाटलं.

तिचा पेपर मी तपासला. जिथे अपूर्णांक होते तिथे सगळं बरोबर. बाकी पानं कोरी. कितीही हात सैल सोडला तरी कोऱ्या पानाला गुण देता येत नाहीत. मी पेपर घेऊन कापगते सरांकडे गेले आणि घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, तिला नववीतच आणखी एक वर्ष ठेवा, मी जबाबदारी घेते, बापाशी मी बोलते.

सर हातातलं पेन फिरवू लागले. "मॅडम, ही तं व्हिडिओतली पोरगी आहे," ते म्हणाले. "साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली तिले. तिले गणितात नापास दाखवाचं? लोक काय म्हणतील? तुमची नोकरी, माझी नोकरी, शाळेचं नाव, सगळंच जाते."

"मग पास करा आणि दहावीत घ्या. मी शिकवीन."

"दहावीत घेतलं अन् बोर्डात पडली तं? तवा बी व्हिडिओ आहेच." त्यांनी पेन ठेवलं. "पास करून टाका. दाखला देऊन टाका. सतरा नंबर भरू द्या तिले. कोणाचंच नुकसान नाही."

मी टेबलावर हात आपटला. काय काय बोलले ते आता आठवत नाही. शिपाई दारात येऊन उभा राहिला इतकं बोलले. सर शांतपणे ऐकत राहिले आणि माझं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, दहावीची तुकडी पटावर टिकली आहे ती निकालामुळं. उद्या पालकांनी पोरं साकोलीच्या शाळेत नेली तं तुकडी बंद होईल. पहिले अतिरिक्त तुम्हीच ठरसान, जागाच नाही रायनार तुमची." हे ते धमकी म्हणून बोलत नव्हते. खरंच होतं ते.

मनाली मॅडमना मी फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, हे आवाजावरून कळत होतं. म्हणाल्या, "रत्नमालाताई, शाळेच्या निर्णयात आम्हाला पडता येत नाही हो." मग म्हणाल्या की तो व्हिडिओ आता काढणं त्यांच्या हातात राहिलेलं नाही, पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणातही तो घातलेला आहे.

एक मेला निकाल. सरांनी म्हटल्याप्रमाणे त्यात गुड्डी पास होती. सत्यभामाबाई मिरचीहून परतल्या होत्या. त्या दिवशी तेंदूपत्त्याचं काम सोडून, धुतलेलं लुगडं नेसून, गुड्डीला घेऊन शाळेत आल्या. हातात बुंदीचा डबा. गुणपत्रक त्यांनी आधीच कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. "मॅडम, पास झाली न! तोंड उघडा पहिले." त्यांनी स्वतःच्या हाताने बुंदी माझ्या तोंडात घातली. गुड्डीकडे मला बघवेना.

दाखला माझ्याकडे होता. पालक तुमचं ऐकतात, तुम्हीच समजावून सांगा, असं म्हणून सरांनी तो सकाळीच माझ्या हाती दिला होता. मी तो टेबलावर ठेवला आणि सांगायला लागले. सतरा नंबर काय असतो, फॉर्म कुठे भरायचा, परीक्षा सगळ्यांबरोबरच असते, प्रमाणपत्रही तेच मिळतं. मी फार चांगलं समजावलं. शिकवायची सवय आहे मला.

सत्यभामाबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे जूनमधी शाळेत नाही याचं हिनं?"

"नाही."

"बाकावर नाही बसाचं?"

"घरी अभ्यास करायचा. मी येत जाईन शिकवायला."

"घरी कायचं, मॅडम? पूस महिना लागला का हिचा बाप हिलेही नेते मिरचीले." त्यांनी दाखला उचलून उलटासुलटा करून पाहिला. "नापास झाली असती तं मी बोलली नसती. पण पास झालेल्या पोरीले काहून काढता?"

मला राग यायला हवा होता. शोधूनही सापडला नाही. पास झाली नाही म्हणून सांगावं तर या बाईचा आजचा दिवसही मीच हिसकावून घेणार. आणि झाली म्हणावं तर तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर गुड्डीने दिलं. आईच्या दंडाला धरून ती हळूच म्हणाली, "माय, मी नाही झाली पास. मॅडमले इचारू नको." मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसवलं नाही. "मले येऊन राहिलं होतं, मॅडम. सगळे थोडं थांबले असते तं आलं असतं."

सत्यभामाबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि दाखल्याची घडी करून तो पदरात बांधला. जाताना त्यांनी मला हात जोडले. गुड्डीनेही जोडले.